सोनेरी आयाळीचे माकड आणि पिंजऱ्याचे प्रायश्चित्त

प्राणिसंग्रहालय पाहिले नाही, असे मूल आमच्या वाचकांच्या घरात क्वचितच असेल. बडोद्याच्या सयाजीबागेतील संग्रहालय १८७९ साली सुरू झाले. म्हणजे तेथील मराठी कुटुंबांच्या चार-पाच पिढ्या त्या पिंजऱ्यांपुढे उभ्या राहून मोठ्या झाल्या. हैदराबादचे नेहरू प्राणिउद्यान, इंदूरचे कमला नेहरू प्राणिसंग्रहालय यांचीही गोष्ट वेगळी नाही. परंतु अलीकडे या सहलीवरून घराघरांत मतभेद होऊ लागले आहेत. आजी-आजोबांना वाटते की, मुलांनी वाघ-सिंह प्रत्यक्ष पाहावेत. नातवंडे विचारतात की, निरपराध जनावराला जन्मभर कोंडून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? हा प्रश्न उर्मट नाही; तो योग्यच आहे. त्याचे उत्तर मात्र केवळ भावनेने देता येणार नाही. ते शोधण्यासाठी आज आम्ही वाचकांना दूर ब्राझीलच्या किनाऱ्यावर नेणार आहोत. ज्या देशातून पोर्तुगीजांनी काजूचे झाड गोव्यात आणले, त्याच देशातील एका चिमुकल्या माकडाची ही कथा आहे.

या माकडाचे नाव सोनेरी सिंह-तामरिन. ब्राझीलचे लोक आपल्या पोर्तुगीज भाषेत त्याला ‘मीको लेआंव दौरादो’, म्हणजे सोनेरी सिंह-माकड, असे म्हणतात. सिंहाचे नाव ऐकून कोणी दचकू नये. हा प्राणी जेमतेम वीतभर लांबीचा. शेपूट मात्र अंगापेक्षा लांब. वजन अर्धा किलोच्या थोडे पुढे-मागे. पण अंगावरची रेशमी लव अशी झळझळीत सोनेरी की, पानांतून झिरपणाऱ्या उन्हात ते फांदीवर बसले, तर झाडाला सोन्याचे फळ लागल्याचा भास व्हावा. काळसर चेहऱ्याभोवती दाट आयाळ असते, आणि तिच्यामुळेच त्याला सिंहाची पदवी मिळाली.

जंगलातील एकत्र कुटुंब

सोनेरी माकडाचा संसार पाहण्यासारखा आहे. एका कुटुंबात साधारणपणे दोनपासून आठ-दहापर्यंत माणसे (माणसेच म्हणावेसे वाटते!) असतात. पिले होण्याचा मान बहुधा एकाच मादीला. गर्भ सव्वाचार महिन्यांच्या सुमारास वाढतो, आणि बहुतेक वेळा जुळी होतात. दोन पिले पाठीवर घेऊन अन्न शोधणे एकट्या आईला झेपणारे नाही. म्हणून दूध पाजण्यापुरती ती आईकडे, आणि एरवी वडिलांच्या वा थोरल्या भावंडांच्या पाठीवर. थोरली भावंडे धाकट्यांना वागवता वागवता पुढील संसाराचे धडे गिरवतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिला फार महत्त्व येणार आहे.

पिकलेली मऊ फळे, किडे, कोळी, लहान बेडूक व पाली हा यांचा आहार. ब्राझीलच्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर अननसाच्या जातीच्या वनस्पती वाढतात. त्यांच्या पानांच्या बेचक्यांत पाणी साठते आणि त्यात कीटक दडून बसतात. तामरिनची लांब, सडपातळ बोटे नेमकी या खाचांत शिरून भक्ष्य बाहेर काढतात. रात्री सारे कुटुंब एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत दाटीवाटीने झोपते. म्हणजे या प्राण्याला केवळ हिरवळ पुरत नाही. त्याला जुने, ढोल्या असलेले, वेलींनी गुंफलेले जंगल लागते.

आणि हे जंगल पृथ्वीवर एकाच प्रदेशात आहे. रिओ दि जानेरो या राज्यात, किनाऱ्याजवळच्या सखल भागात, मुख्यतः सांव जुआंव नदीच्या खोऱ्यात त्याचा आज उरलेला निवास आहे. ज्या संत जुआंवच्या नावाने गोव्यात पावसाळ्याच्या आरंभी ‘सांजांव’ साजरा होतो, त्याच संताचे नाव या नदीला आहे.

सौंदर्य शाप ठरले

१५१९ च्या डिसेंबरात पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या मॅगेलनची जहाजे रिओच्या उपसागरात थांबली होती. त्याचा सहप्रवासी पिगाफेट्टा याने लहान सिंहांसारख्या दिसणाऱ्या सुंदर माकडांची नोंद आपल्या वृत्तांतात केली आहे. ती हीच माकडे असावीत, असे अभ्यासक मानतात. तेव्हापासून युरोपच्या श्रीमंतांना या प्राण्याचा मोह पडला. फ्रान्सच्या राजदरबारातील मादाम द पाँपादूर हिच्यासारख्या स्त्रियांच्या दालनांत अशी माकडे शोभेसाठी ठेवली जात. पुढे विसाव्या शतकात अमेरिका व युरोपातील प्राणिसंग्रहालये आणि हौशी लोक यांच्यासाठी ती शेकड्यांनी पकडली जाऊ लागली. पिंजऱ्यात ती फार जगत नसत, म्हणून मेलेल्यांच्या जागी पुन्हा नवी मागवली जात.

एकीकडे ही लूट चालू असता दुसरीकडे घरच उद्ध्वस्त होत होते. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्याने पसरलेल्या या अरण्याला ‘अटलांटिक अरण्य’ म्हणतात. पोर्तुगीजांनी प्रथम त्यातील लाल रंग देणारे लाकूड तोडले. त्या लाकडावरूनच देशाला ब्राझील हे नाव पडले. नंतर ऊस आला, मग कॉफी, मग गुरांची कुरणे, कोळशाच्या भट्ट्या, आणि शेवटी शहरे. देशाची मोठी वस्ती याच किनाऱ्यावर दाटली. मूळ अरण्याचा आज जेमतेम अष्टमांशाच्या आसपास भाग शिल्लक आहे, आणि तोही तुकड्या-तुकड्यांत. कुरणांच्या समुद्रात जंगलाची बेटे तरंगावीत, तसे ते दिसते.

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात हा ऱ्हास एका माणसाने ओळखला. त्याचे नाव आदेल्मार कोइम्ब्रा-फिल्यो. रिओच्या परिसरात हिंडून त्याने माकडांचा मागोवा घेतला. जेथे जुन्या लोकांनी ती पाहिली होती, तेथे आता जंगलच नव्हते. त्याने लेख लिहिले, अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवले. १९६७ मध्ये ब्राझीलने वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला. १९७४ मध्ये या माकडासाठी ‘पोसो दास आंतास’ हे राखीव अरण्य जाहीर झाले. अशा प्रकारचे ते त्या देशातील पहिलेच. परंतु त्या सुमारास रानात केवळ दोनशेच्या घरात माकडे उरली असावीत, असा अंदाज होता.

पिंजरे विचार करू लागतात

आता कथेतील दुसरे पात्र रंगमंचावर येते. ते म्हणजे ज्यांनी इतकी वर्षे ही माकडे मागवली, ती प्राणिसंग्रहालये. १९७२ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन येथे या जातीला वाचवण्यासाठी शास्त्रज्ञांची एक परिषद भरली. तेथे समोर आलेले चित्र निराशाजनक होते. ब्राझीलबाहेरच्या संग्रहालयांत पाऊणशेच्या आसपास माकडे होती, आणि जन्मापेक्षा मृत्यू अधिक होते. काही केले नाही, तर पिंजऱ्यातला वंशही खुंटणार, हे उघड दिसत होते.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिउद्यानातील डेव्हरा क्लायमन या शास्त्रज्ञ बाईंनी हे काम अंगावर घेतले. त्यांनी औषधे शोधण्याआधी निरीक्षण आरंभले, आणि चुका एकामागून एक उजेडात आल्या. माकड म्हणजे फळे, अशा समजुतीने त्यांना मुख्यतः फळेच घातली जात. प्रत्यक्षात त्यांना कीटकांसारखा प्रथिनयुक्त आहार हवा होता. उन्हाविना बंद खोलीत राहिल्यामुळे ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव पडे, आणि या माकडांना त्या जीवनसत्त्वाचा एक विशिष्ट प्रकारच मानवतो. अनेक नर-माद्या एकत्र ठेवल्या जात, तेव्हा माद्या आपसांत जीवघेण्या भांडत. त्यांना हवे होते एक जोडपे आणि त्याचा परिवार.

सर्वांत मोठी चूक मात्र दयेपोटी घडत होती. पिले जरा मोठी झाली की, आईवडिलांचा भार हलका व्हावा म्हणून त्यांना वेगळे काढीत. अशी पिले मोठी होऊन स्वतः आईबाप झाली की, बाळाला कसे धरावे हेच त्यांना कळेना. ती पिलांना टाकून देत. धाकट्या भावंडांना पाठीवर घेतल्याशिवाय पालकत्व येत नाही, हा निसर्गाचा पाठ पिंजऱ्याने पुसून टाकला होता. मोठ्या भावंडांना घरातच राहू दिल्याबरोबर चित्र पालटले. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांना याचे फारसे नवल वाटणार नाही.

क्लायमनबाईंनी आणखी एक शिस्त घातली. जगभरातील प्रत्येक सोनेरी माकडाची वंशावळ एका नोंदवहीत ठेवली जाऊ लागली. नाशिक-त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्याय जसे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या सांभाळतात, तसाच हा प्रकार. कोणाचे आजोळ कोणते, हे पाहूनच जोड्या जुळवायच्या, म्हणजे जवळच्या नात्यात संबंध येऊन वंश दुबळा होऊ नये. वॉशिंग्टनचे माकड लग्नासाठी युरोपात जाई, युरोपचे अमेरिकेत येई. जर्सी बेटावर जेराल्ड ड्यूरेल यांनी १९५९ मध्ये स्थापलेल्या प्राणिउद्यानातील जेरेमी मॅलिन्सन यांनीही या कामी अनेक वर्षे खर्ची घातली.

पुढे संग्रहालयांनी एक पाऊल असे टाकले की, त्याचे मोल आम्हांला फार मोठे वाटते. आपल्याकडची माकडे ब्राझील सरकारच्या मालकीची आहेत, हे त्यांनी मान्य केले. आज सुमारे दीडशे संग्रहालयांत ती आहेत; पण विक्री नाही, खरेदी नाही, मालकीचा दावा नाही. संग्रहालय केवळ विश्वस्त. ज्यांनी एकेकाळी लुटीचा माल विकत घेतला, त्यांनीच तो मूळ धन्याच्या नावे लिहून दिला. प्रायश्चित्त म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

परतीचा अवघड रस्ता

१९८० नंतर थोड्याच वर्षांत पिंजऱ्यातील संख्या पाचशेच्या आसपास पोहोचली. आता त्यांना घरी पाठवण्याचा विचार सुरू झाला. १९८४ मध्ये पोसो दास आंतासच्या अरण्यात पहिली तुकडी सोडण्यात आली. बेंजामिन बेक हे या कामाचे प्रमुख होते.

पहिला अनुभव हृदयद्रावक होता. त्या तुकडीतील बहुतेक माकडे वर्षभरात दगावली वा हरवली. पिंजऱ्यातल्या पक्क्या दांड्यांवर वाढलेल्या या जिवांना फांदी वाकते, हेच ठाऊक नव्हते. भांड्यातून अन्न घेण्याची सवय असलेल्यांना पानांच्या बेचक्यात लपलेला किडा शोधता येईना. काही वाट चुकली, काहींनी विषारी फळ खाल्ले, काही सापाच्या तोंडी गेली, काही थंडीने गारठली, तर काही माणसांनी चोरून नेली. आपणच वाढवलेल्या जिवांना ‘स्वातंत्र्य’ देऊन आपण मारत तर नाही ना, असा प्रश्न त्या शास्त्रज्ञांना पडला असल्यास नवल नाही.

तरीही त्यांनी काम सोडले नाही, पद्धत बदलली. १९८६ पासून वॉशिंग्टनच्या उद्यानात काही कुटुंबे पिंजऱ्याबाहेर, खऱ्या झाडांवर मोकळी ठेवण्यात आली. प्रेक्षक खाली उभे राहत आणि माकडे वर हिंडत. अन्न लपवून ठेवण्याचे पाठ दिले गेले. पण अनुभवांती असे दिसले की, आधीच्या शिकवणीपेक्षा जंगलात सोडल्यानंतरचा आधार अधिक उपयोगी पडतो. म्हणून महिनोन्‌महिने माणसे त्यांच्या मागे जंगलात राहिली. ती अन्न देत, वाट चुकलेल्याला शोधून आणीत, जखमीला उपचार करीत, आणि हळूहळू हात काढून घेत. सोडलेल्या पहिल्या पिढीपेक्षा तिची जंगलात जन्मलेली मुले कितीतरी सरस निघाली. त्यांना वाकणारी फांदी जन्मापासूनच परिचयाची होती.

१९८४ ते २००० या काळात पिंजऱ्यात जन्मलेली सुमारे दीडशे माकडे अशा रीतीने रानात गेली. आज जंगलात असलेल्या माकडांपैकी जवळजवळ एकतृतीयांश त्यांच्या वंशातील आहेत, असे मानले जाते.

येथे वाचकांनी एक गोष्ट विसरू नये. राखीव अरण्य लहान होते. सोडायची माकडे त्यात मावणार नव्हती. उरलेले जंगल होते गुरे पाळणाऱ्या जमीनदारांच्या मालकीचे. त्यांच्या दारी जाऊन, ‘आपल्या रानात ही माकडे राहू द्या’, अशी विनंती करण्यात आली, आणि अनेकांनी ती मान्य केली. गावोगावच्या शाळांतून, सभांतून या माकडाची ओळख करून देण्यात आली. पाहता पाहता ते शेतकऱ्यांच्या अभिमानाचा विषय झाले. ज्याच्या रानात सोनेरी माकड, त्याची प्रतिष्ठा वाढली! याच जोडीला, तोडीमुळे लहानशा तुकड्यांत अडकून पडलेली सहा रानटी कुटुंबे, एकूण ४२ माकडे, १९९४ ते १९९८ या काळात पकडून एका मोठ्या, रिकाम्या जंगलात हलवण्यात आली. तेथे ती उत्तम रुजली, आणि १९९८ मध्ये ते जंगलही ‘उनियांव’ या नावाने राखीव झाले. १९९२ मध्ये स्थापन झालेली ‘सोनेरी सिंह-माकड संघटना’ ही ब्राझीलची स्वतःची संस्था आज हे सारे कार्य चालवते.

२००३ मध्ये या जातीला ‘अतिसंकटग्रस्त’ या यादीतून उतरवून ‘संकटग्रस्त’ यादीत घालण्यात आले. ही पायरी एकच, पण ती चढण्यास तीस वर्षे लागली होती. २००२ पासून ब्राझीलच्या वीस रेआलच्या नोटेवर हे माकड विराजमान आहे. २०१४ च्या गणनेत रानातील संख्या ३,७०० भरली.

ताप आला आणि दोष माकडाला

एवढ्यावर कथा संपती, तर ती बालबोध ठरली असती. २०१६ च्या अखेरीस आग्नेय ब्राझीलमध्ये पीतज्वराची मोठी साथ आली. हा रोग डासांपासून होतो. माणसांसाठी लस आहे. माकडांना ती कोण देणार? २०१८ मध्ये पहिले सोनेरी माकड त्याने मेल्याचे सिद्ध झाले, आणि त्यानंतरच्या मोजणीत संख्या २,५०० च्या आसपास घसरल्याचे आढळले. चाळीस वर्षांच्या कष्टांतून उभ्या राहिलेल्या संसाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका साथीत गेला.

त्याहून दुःखाची गोष्ट अशी की, माकडेच रोग पसरवतात, या गैरसमजाने त्या काळात ब्राझीलमध्ये लोकांनी अनेक जातींची माकडे ठार मारली. वस्तुतः रोग डास पसरवतो. माकड आधी मरते आणि मरताना माणसाला सावध करते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ती आमच्या काही वाचकांच्या अंगणातली आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम आढळलेला ‘माकडताप’ अलीकडच्या वर्षांत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागातही दिसला आहे. तो गोचिडांमुळे पसरतो. रानात माकड मेलेले दिसले, तर त्याला हात न लावता आरोग्य खात्याला कळवावे. माकडांना मारून ताप थांबत नाही.

ब्राझीलमध्ये पुढे जे घडले, ते अभूतपूर्व होते. माणसांसाठी केलेली लस या माकडांना देण्याचे ठरले, आणि २०२१ पासून रानातली माकडे सापळ्यात पकडून, टोचून, पुन्हा त्यांच्या कुटुंबात सोडण्यास आरंभ झाला. शेकडो माकडांना अशी लस मिळाली. साथ ओसरली, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत संख्या सुमारे ४,८०० पर्यंत चढली.

तरीही निर्धास्त होण्याची वेळ आलेली नाही. जंगलाचे तुकडे एकमेकांना जोडल्याशिवाय ही माकडे पुढच्या शतकात सुरक्षित राहणार नाहीत, असे जाणकार सांगतात. म्हणून रोपवाटिकांत देशी झाडे वाढवून कुरणांतून हिरवे पट्टे लावले जात आहेत. अरण्याला चिरत जाणाऱ्या हमरस्त्यावर २०२० मध्ये एक पूल बांधून पूर्ण झाला. त्यावर माती टाकून झाडे लावलेली आहेत. खालून मोटारी जातात आणि वरून माकडांनी जावे! चोरटा व्यापारही संपलेला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत आफ्रिकेतील टोगो देशाजवळ एका शिडाच्या नौकेत १७ सोनेरी माकडे सापडली. हाल झालेल्या अवस्थेत ती मायदेशी परत नेण्यात आली.

मग प्राणिसंग्रहालयाचे काय?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. प्राणिसंग्रहालय तुरुंग की आश्रम? या कथेने आम्हांला असे शिकवले की, ते दोन्ही असू शकते. १९६० मधील संग्रहालये आणि १९८४ मधील संग्रहालये यांच्या भिंती त्याच होत्या. हेतू बदलला होता. पहिल्यांनी जंगल रिकामे करून पिंजरा भरला. दुसऱ्यांनी पिंजरा रिकामा करून जंगल भरण्याचा प्रयत्न केला.

पण संग्रहालयाची थोरवी गाताना तारतम्य हवे. पिंजऱ्यात वंश टिकला, म्हणजे जात वाचली असे होत नाही. दीडशे माकडे जंगलात जाऊ शकली, कारण जाण्यासाठी जंगल उरले होते, आणि ते उरावे म्हणून कोइम्ब्रा-फिल्यो झगडले होते. शेतकऱ्यांनी दारे उघडली नसती, तर माकडे वॉशिंग्टनमध्येच म्हातारी झाली असती. संग्रहालय ही बियाण्याची कणगी आहे. कणगी राखावी खरी. पण शेतच गहाण पडले, तर बियाण्याचा उपयोग काय?

म्हणून नातवंडांना घेऊन संग्रहालयात जावे की नाही, यावर आमचे मत असे: जावे, पण डोळे उघडे ठेवून जावे. हा प्राणी येथे कोठून आला? त्याचा परिवार त्याच्यासोबत आहे काय? त्याच्या रानातल्या भाईबंदांसाठी ही संस्था काही करते काय? हे प्रश्न मुलांना विचारू द्यावेत, आणि तेथील अधिकाऱ्यांनाही विचारू द्यावेत. समाधानकारक उत्तर मिळाले, तर तिकिटाचा पैसा सत्कारणी लागला असे समजावे. न मिळाले, तर तो प्रश्न पत्राने, सभेत, नगरपालिकेत पुन्हा विचारावा.

ब्राझीलच्या त्या जंगलात आजही पहाटे एखाद्या ढोलीतून एक कुटुंब बाहेर पडत असेल. वडिलांच्या पाठीवर दोन जुळी असतील, आणि थोरली बहीण आपली पाळी कधी येते याची वाट पाहत मागून चालत असेल. तिचे पणजोबा कदाचित वॉशिंग्टनच्या पिंजऱ्यात जन्मले असतील. तिला ते ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. तिच्या पायाखालची फांदी वाकते, आणि ती तोल सांभाळून पुढच्या झाडावर जाते, एवढे पुरेसे आहे.